लंडन खोडणारा ब्रेंडन

आमच्या शेजारच्या ब्रेंडनच्या घरात 'लंडन' हा शब्द उच्चारायला बंदी होती. नॉटिंगहॅममध्ये राहून, बरं का! लंडनला जायचं असलं तर हा म्हणणार, "सेंट पँक्रसला जाऊन येतो." एकदा मी मुद्दाम विचारलं, "ते स्टेशन आहे कुठे?" तर म्हणाला, "ट्रेन थांबते तिथे."

खिशात कायम जाड काळा मार्कर. पेपरात, कॅलेंडरवर, बिस्किटांच्या डब्यावर, दिसलं लंडन की मार काट. माझ्या भाच्याने त्याला प्रेमाने लाल बसचं चित्र असलेला मग आणून दिला. दुसऱ्या दिवशी बस जागच्या जागी, खाली लिहिलेलं गाव गायब.

वयाने तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. पण इंग्रजीत अहो-जाहो नाही, सगळे एकाच पंगतीत, म्हणून मीही इथे एकेरीच लिहिते. त्याला चाललं असतं.

आता हे खूळ कशापायी, तर त्याच्या काउंटीपायी. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा ना. ब्रेंडन उत्तर आयर्लंडचा. त्याच्या जिल्ह्याला अर्धी माणसं डेरी म्हणतात, अर्धी लंडनडेरी, आणि कोण काय म्हणतं त्यावरून त्याचं चर्च कुठलं, कॅथलिक की प्रोटेस्टंट, ते कळतं. "डेरी म्हणजे ओकच्या झाडांचं बन," तो सांगायचा. "चारशे वर्षांपूर्वी राजाने लंडनच्या व्यापाऱ्यांना आमच्या जमिनी दिल्या. त्यांनी जमिनी घेतल्या त्या घेतल्या, वर नावाच्या डोक्यावर येऊन बसले."

मग आवाज खाली आणून म्हणायचा, "आमची धाकटी रोझ म्हणते, त्याआधी काउंटीचं नाव डेरी नव्हतंच, कोलरेन होतं."

"खरं आहे का ते?"

"खरं आहे, म्हणून तर राग येतो!"

भूगोल शिकवायचा तो माझ्या कांदाभज्यांवर. मी ताट घेऊन गेले की टेबलावर जिल्हा मांडायचा. डावीकडे सुरी, ती फॉइल नदी. उजवीकडे चमचा, ती बॅन. खालच्या कोपऱ्यात चहाचा कप, तो मोठा तलाव, लॉख नेय. माझी भजी म्हणजे स्पेरिनचे डोंगर. सगळ्यात मोठं भजं हे सगळ्यात उंच शिखर, ते शेवटपर्यंत खायचं नाही. मी म्हणायची, "अरे, डोंगर थंड होतायत!" आणि या सगळ्याच्या मध्ये, जरा वर, एक साखरेचा खडा ठेवायचा. तिथे काय, विचारलं तर म्हणायचा, "काही नाही. साखर आहे."

माझंही त्याने पहिल्याच आठवड्यात नाव काढून घेतलं. मी म्हटलं, मालती. आणि बोलण्याच्या ओघात सांगून बसले, की हे सासरचं, लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहून ठेवलेलं. तो एकदम थांबला. "मग आई काय म्हणायची तुला?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. "कुसुम," मी म्हटलं. तेव्हापासून मी त्याची कुसुम. या देशात मला त्या नावाने हाक मारणारा तो एकटा.

त्याला मी एक गोष्ट मात्र सांगितली नाही. लग्नानंतर आईची पत्रं 'चि. कुसुम' म्हणून यायची आणि सासूबाईंच्या कपाळाला आठी पडायची. शेवटी मीच आईला कळवलं, मालतीच लिहीत जा. तिने लिहिलं. पण त्यानंतर पत्रं आखूड झाली.

सांगितली असती तर कदाचित रोझचं काही वेगळं झालं असतं.

रोझ त्याची धाकटी बहीण. तिने दुसऱ्या चर्चच्या माणसाशी लग्न केलं, आणि नवऱ्याच्या घरात जे म्हणत तेच पत्त्यात लिहू लागली, काउंटी लंडनडेरी. ब्रेंडनने मार्करने खोडून उत्तर पाठवलं. तिने पुन्हा तसंच लिहिलं. मग याने पत्रं न उघडताच परत पाठवायला सुरुवात केली. दर नाताळाला एक, दर ईस्टरला एक. तीही पठ्ठी, पाठवायची थांबली नाही.

पुढे त्याचे हात थरथरू लागले, नजर अधू झाली, आणि हे काम माझ्याकडे आलं. निळं पाकीट दिसलं की तो म्हणायचा, "मागे बघ, आहे तो शब्द?" मी उलटं करून वाचायची. "आहे रे बाबा." "मग लिही." आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहायची, पाठवणाऱ्याला परत. एकदा म्हटलं, "अरे, बहीण आहे!" तर म्हणाला, "म्हणूनच." मी गप्प बसले. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात आपण कशाला, असं वाटलं. सोपं होतं ना ते.

गेल्या ईस्टरला पाकीट आलं तेव्हा मी घाईत होते, गॅसवर तेल तापत होतं. "रोझचं?" "हो." "मग परत." मी लिहिलं, पोस्टाच्या पेटीत टाकलं आणि भजी तळायला आले.

उन्हाळा सरता सरता एक जाड पार्सल आलं, अनोळखी अक्षरातलं. रोझच्या मुलीचं. तिने लिहिलं होतं, आई जूनमध्ये गेली. परत आलेली सगळी पाकिटं तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती, ती तुम्हाला पाठवते. वरच्या सगळ्या पाकिटांवर माझंच अक्षर.

ब्रेंडनने सगळ्यात खालचं पाकीट काढून माझ्यापुढे सरकवलं. रोज चार वाजता मी जायची आणि एक पत्र वाचून दाखवायची. त्यात कुठे चर्च नाही, लंडन नाही, भांडण नाही. बटाटे काढले. रो नदीला पाणी चढलंय. आईच्या थडग्यावरचं गवत कापून आले. तुझे गुडघे कसे आहेत? तो ऐकायचा आणि रोझच्या गावचा तो साखरेचा खडा टेबलावर इकडून तिकडे सरकवायचा.

शेवटी ईस्टरचं पाकीट उरलं. सवयीने त्याने विचारलं, "मागे बघ." मी उलटं केलं आणि दोनदा वाचलं. तिचं नाव, घर, गाव, पोस्टकोड. काउंटीच नव्हती. ना त्याची, ना तिची. तेवढी जागा कोरी सोडली होती.

मला खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. "ब्रेंडन," म्हटलं, "या वेळी तो शब्द नव्हता. मी तेव्हा बघितलंच नाही."

त्याने खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "मी तरी कुठे बघ म्हणालो?"

त्याने हात पुढे केला. पाकीट दिलं. खिशातून मार्कर काढला, दातांनी टोपण उघडलं. "कोरी जागा कुठेय? बोट ठेव तिथे." मी बोट ठेवलं. एकेक अक्षर करत त्याने ती ओळ भरून काढली. आधी लंडन. मग त्याला चिकटून डेरी.

पाकीट डोळ्यांजवळ नेऊन त्याने पाहिलं, आणि मला परत दिलं.

"आता कसं तिचं वाटतं," तो म्हणाला. "वाच, कुसुम."