एक प्रेक्षक, दोन अभ्यासक

आई टीव्ही बघत असताना तिच्याशी कोणी अवाक्षर बोलायचं नाही, असा नियम मुलाने काढला, आणि नवऱ्याचं एखादं म्हणणं सुनेने पहिल्यांदाच मुकाट्याने मान्य केलं. दोघं एकाच विभागात प्राध्यापक. तो आकडेवाला: प्रेक्षक पडद्याकडे किती मिनिटं बघतो, किती वेळा हसतो ते मोजा, बाकी सगळ्या गप्पा. ती अर्थवाली: ते हसू कुणावर आणि कशापायी, हे कळलं नाही तर मोजून काय करायचंय? दहा वर्षं हेच भांडण चाललं होतं. शेवटी विभागप्रमुख वैतागल्या. "शुक्रवारी दोघांचा मिळून एक निबंध आणि एकच निष्कर्ष. नाहीतर टीव्ही-अभ्यासाचा वर्ग बंद."

वर्ग बंद म्हणजे दोघांचीही उभी हयात पाण्यात. दोघांनी कंबर कसली. सोमवारी संध्याकाळी सातला आई खुर्चीत बसली आणि तिच्यामागे सोफ्यावर हे दोघं. त्याच्या हातात घड्याळ, तिच्या हातात वही. मालिकेतली नायिका बाप गेला म्हणून टाहो फोडत होती, आणि आई खुदकन हसली.

"हसू एक. सात वाजून बारा मिनिटं," तो कुजबुजला.

"एक काय, एक! हा प्रतिकार आहे. बाईने रडायलाच हवं, हे आईंना मान्य नाही."

"तिला गंमत वाटली असेल."

"मरणाची?"

"मग 'इतर'मध्ये टाकतो."

"माझ्या सासूबाईंना तू 'इतर'मध्ये टाकणार?"

आई पुन्हा हसली.

मंगळवारी त्याने बातम्या लावून पाहिल्या. आई बातम्यांनाही हसली. बुधवारी सुनेने हवामानाचा अंदाज लावला, तर कमी दाबाच्या पट्ट्याला आईने पोट धरलं. गुरुवारी कनेक्शनच गेलं. पडदा निळाशार, आवाज बंद. सांगावं तर नियम आडवा. आई तासातली सत्तावन्न मिनिटं तिकडेच बघत बसली.

"सत्तावन्न! उच्चांक!" त्याने घड्याळ तिच्यापुढे धरलं.

"रिकाम्या पडद्यातूनही त्या अर्थ काढतायत," ती भारावून म्हणाली. मग तिचा धीर सुटला. "पण कुठला रे?"

निबंध उद्या द्यायचा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नियम मोडला.

"आई, तू नक्की काय बघतेस गं?"

"तुम्हाला." आईने टीव्हीशेजारच्या कपाटाकडे बोट दाखवलं. त्याच्या काचेत अख्खा सोफा दिसत होता, आणि सोफ्यावर हे दोघं. "काय रंगतं रे तुमचं भांडण! त्या मालिकेत काय ठेवलंय?"

चार दिवसांची मेहनत मातीत गेली होती. दोघांची तोंडं पार उतरली.

"उद्या संपणार ना हे?" आईने विचारलं. "मग तू तुझ्या खोलीत, ही तिच्या. मी आपली बसते एकटी, त्या बायांची रडारड ऐकत."

त्याला फार वाईट वाटलं. तिने वही पुन्हा उघडली.

शुक्रवारी निबंध वेळेवर पोचला. निष्कर्ष खरोखरच एक आणि खाली सह्या दोन, हे बघून विभागप्रमुख चाट पडल्या आणि त्यांनी वर्ग चालू ठेवला. निष्कर्ष असा होता: 'निरीक्षण अपुरं आहे. रोज संध्याकाळी सात ते आठ, दोन्ही अभ्यासकांनी एकाच सोफ्यावर बसून, ते निदान आणखी काही वर्षं करावं लागेल.'