फट

भिंत पडली त्या दिवसापासून दोघी बहिणींचं बोलणं बंद होतं.

भिंतीने गावाचे दोन तुकडे केले होते, तेव्हा त्या रोज संध्याकाळी अलीकडून-पलीकडून भिंतीला तोंड लावून बोलत. भिंत पडली, सारं गाव इकडून तिकडे धावलं. या दोघी मात्र आपापल्या दारात वाट पाहत बसल्या.

"मी थोरली. तिने यायचं," थोरली म्हणाली.

"जन्मभर मीच जायचं का?" धाकटी म्हणाली.

यात दोघींचे केस पांढरे झाले.

धाकटीचा मुलगा शिल्पकार. मुक्तीचं स्मारक करायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा त्याने जुन्याच दगडांची भिंत उभारली आणि मधोमध माणूस जाईल एवढी फट ठेवली. अनावरण झालं की इकडून आई, तिकडून मावशी, भेट बरोबर फटीत. आईच्या हृदयाचा आता भरवसा नव्हता. पुन्हा असा योग आणायचा कुठून?

"दोघींनी एकदम यायचं, मावशी."

"एकदम म्हणजे एकदम. ती रेंगाळली तर मीही थांबेन, सांगून ठेवते."

आदल्या दिवशी चौथऱ्याला तडा गेला. शिल्पकाराने गवंड्याला फोन केला. "फट तेवढी बुजवून टाका. उद्या पाहुणे आहेत, दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवशी पडदा सरकला. समोर अखंड भिंत, गिलावा अजून ओला. नगराध्यक्षांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

"अहो, मी चौथऱ्याची म्हणत होतो," शिल्पकार कसाबसा म्हणाला.

"तीही बुजवली," गवंडी म्हणाला. "म्हटलं, एवढी मोठी सोडून बारकी बुजवली, तर लोक हसतील."

लोक हसले नाहीत. मग पलीकडून आवाज आला, "काय गं, आलीस का?"

आईने ओल्या गिलाव्यावर हात टेकला. "आलेय. तू?"

"मी केव्हाची उभी आहे. औषध घेतेस ना वेळेवर?"

"तुला कोणी सांगितलं औषधाचं?"

"सांगतात लोक. मी विचारते म्हणून."

आई भिंतीला कान लावून उभी राहिली. एवढ्यात गवंडी ओशाळवाणा होऊन घण घेऊन आला. त्याने तो उचललाही.

आईने मान न वळवता हात वर केला.

"थांबा हो जरा. बोलणं चाललंय, मध्येच तोडू नका."