स्वच्छ भिंत

हेडक्लार्कसाहेबांच्या घरी नवे स्वयंपाकघर करण्याचा निर्णय झाला. निर्णय घेताना स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे त्यांच्या पत्नीला, विचारविनिमयाच्या त्रासातून मुक्त ठेवण्यात आले. बाईंची मागणी एकच होती. कपाटात बसवायच्या ओव्हनचे बटण हात पुरेल अशा जागी असावे.

म्हाताऱ्या वायरमनना, सगळे त्यांना काका म्हणत, हे पटले. ओव्हन कपाटात गेला की त्याची पिन पाठीमागे जाते, तेव्हा ओट्याच्या वर, बाजूला, जाड वायरीचे स्वतंत्र बटण हवे, असे त्यांनी सांगितले.

साहेबांनी नेमलेल्या सजावटकाराने डोळे मिटून घेतले. "काका, भिंत श्वास घेते. बटणं आली की तिचा जीव घुसमटतो."

"भिंतीचं राहू द्या, वहिनींचं बोला," काका म्हणाले.

बटण ओव्हनच्या मागे गेले. ते बंद करायचे तर चार स्क्रू सोडवून ओव्हन बाहेर ओढायचा. काकांनी माहितीपुस्तिका उघडून दाखवली. स्क्रू सोडवण्यापूर्वी बटण बंद करावे, असे तिच्यात ठळक छापले होते. साहेबांना त्यात काही वावगे दिसले नाही. अर्जासोबत दाखला आणि दाखल्यासाठी अर्ज, ही पद्धत त्यांच्या कचेरीत त्यांनीच बसवली होती.

पण वीजजोडणीच्या दाखल्यावर 'बटण हाताच्या अंतरावर आहे' असे एक वाक्य होते आणि काका त्याखाली सही करीनात. कोणाचा हात ते कागदावर लिहिलेले नाही, हे साहेबांनी समजावून पाहिले. अखेर तडजोड म्हणून बटण छताजवळच्या कपाटात नेण्यात आले. कपाटाला मूठ नव्हती, कारण मुठी दिसतात. त्याचे दार विजेवर उघडत असे. शिवाय खालचा ओव्हन तापलेला असताना ते उघडत नसे. सुरक्षेची सोय.

काकांनी पिशवी उचलली. सही दुसऱ्या वायरमनने केली, जिन्यात उभ्या उभ्या.

सहाव्या दिवशी ओव्हनमधून धूर आला. त्याच्या काचेवरचे बटण बोटाला दाद देईना. बाई स्टुलावर चढल्या. वरचे दार नियमाप्रमाणे बंद राहिले. मेन स्विच खाली जिन्यात कुलपात होता, किल्ली सोसायटीच्या चेअरमनकडे, आणि चेअरमन लग्नाला गेलेले. साहेब पुस्तिका घेऊन आले आणि अनुक्रमणिका पाहू लागले.

"अहो, धूर कोणत्या पानावर आहे ते सापडलं की सांगा," असे म्हणून बाईंनी फटीत उलथने घातले, दार उचकटले आणि बटण बंद केले. तोल सावरताना डावा तळहात ओव्हनच्या कडेवर टेकला. कातडे सोलून निघाले.

दुसऱ्या दिवशी साहेब कचेरीत गेल्यावर बाईंनी काकांना बोलावले. काकांनी त्यांना ओट्यापाशी उभे केले, चांगला हात सहज जिथे पोचला तिथे पेन्सिलीने खूण केली आणि पांढरे, ठसठशीत बटण बसवले. संध्याकाळी साहेबांनी ते पाहिले. लोक काय म्हणतील, एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत राहिले.

लोक आले. हाताची चौकशी करायलाच आले, पण आधी स्वयंपाकघरात डोकावले. इतकी सुरेख भिंत आणि मधेच हे काय, असे प्रत्येकाने हळहळून विचारले. साहेब मान खाली घालून बसत. शेजारीणबाईंनी तर त्यावर एखादे चित्र टांगावे असे सुचवले.

"टांगा की," बाई म्हणाल्या. "पण आधी माझ्या हाताएवढं भोक पाडा त्यात."

शेजारीणबाईंना हा विनोद वाटला. तुम्हालाही साहेबांचे आणि त्या लोकांचे हसू येत असेल. येऊ द्या. आता जरा उठा, आपल्या स्वयंपाकघरात जा आणि फ्रीजचे बटण बंद करून या. फ्रीज पुढे ओढून होईपर्यंत आम्ही थांबतो.