इंजिन पस्तीस अंशांवर आणा

हा नियम ज्यांनी काढला, त्यांनी मे महिन्यात पारोळ्याच्या रस्त्यावर कधी पाऊल ठेवलेलं नाही. हा आरोप आहे आणि तो तोंडावर केलेला आहे. नाव घेतलेलं नाही, पण ते भीतीपोटी नव्हे. नाव घेतलं की "सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही" एवढं उत्तर येतं, आणि संबंधित कार्यालय शोधता शोधता माणसाचे केस पिकतात. तेव्हा साहेब, तुम्ही जे कोणी असाल ते ऐका. तुम्ही एका धडधाकट गाडीचं इंजिन फोडलंत आणि एका पोराचं लग्न जवळजवळ मोडलंत.

झालं असं, की मागच्या उन्हाळ्यात एका बड्या अधिकाऱ्याची वेगवान गाडी महामार्गावर बंद पडली. सिलिंडर हेड तापून वाकलं, व्हॉल्व्ह कामातून गेले, आणि साहेबांना एका काटेरी बाभळीखाली उभं राहावं लागलं. या रस्त्यावर खड्ड्यांत माणसं पडतात, उसाच्या ट्रॉलीखाली मोटरसायकली जातात, तेव्हा कुणाला काही सुचलं नाही. साहेबांच्या मानेवरून घाम ओघळला मात्र, आणि 'उच्च क्षमता इंजिन बिघाड प्रतिबंधक पथक' जन्माला आलं. पारोळ्याबाहेर तंबू ठोकला गेला. त्यावर फलक लागला : 'वेळीच थांबा, व्हॉल्व्ह वाचवा.' पथकप्रमुख म्हणून कौतिकराव आले. ते आधी मृदसंधारणात होते. तिथली माती वाहून गेल्यापासून मोकळेच होते.

आता संघपाल. हा पहूरचा. तालुक्याच्या एका कचेरीत निराधारांच्या पगाराच्या खिडकीत बसणारा कारकून. पोरगा प्रामाणिक, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पिणारा, पण नियमाचा पक्का. "नियम म्हणजे नियम" हे वाक्य तो इतक्या शांतपणे म्हणायचा, की खिडकीबाहेरच्या म्हाताऱ्या माणसाला आपलंच चुकलं असं वाटून तो हात जोडून परत फिरायचा.

त्याचं लग्न धुळ्याच्या प्रज्ञाशी ठरलेलं. प्रज्ञा सरकारी दवाखान्यात परिचारिका. वेळेची इतकी कडक, की बघायला उशिरा आलेल्या एका इंजिनिअरला तिने चहा देऊन, पोहे देऊन, नकारही देऊन त्याच रिक्षाने परत पाठवलेलं. संघपालला तिने आधीच बजावून ठेवलं होतं, की लग्न बारा वाजता म्हणजे बारा वाजता; पंगत थांबेल, पाहुणे थांबतील, मी थांबणार नाही. संघपालला हे फार आवडलं होतं. नियमाची बायको मिळतेय म्हणून तो महिनाभर हवेत होता.

गाडी मामांची. नवलमामा बोअरवेलचे ठेकेदार, त्यांनी पुण्याहून एक लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी गाडी आणलेली. तिच्या इंजिनात इतकी ताकद होती, की पहूरमध्ये ती दुसऱ्या गिअरच्या वर कधी गेलीच नव्हती. भाचा या गाडीतून धुळ्यात उतरणार, हे मामांनी भाच्याला विचारण्याआधी गावाला सांगून टाकलं.

आणि इथे आपल्या लोकांनी ती चूक केली, जी फक्त आपलेच लोक करू शकतात. वाऱ्यासारखी पळायला बनवलेली गाडी त्यांनी डीजेच्या मागे लावली. सकाळी सकाळी वेशीपर्यंत मिरवणूक. पुढे पोरं नाचतायत, मागे गाडी मुंगीच्या पावलाने सरकतेय, आत एसी चालू, तापमानाचा काटा लालकडे चढतोय आणि नवलमामा काच खाली करून नाचणाऱ्यांना म्हणतायत की अजून एक गाणं होऊ द्या. पण इंजिन मामांच्या नशिबाचं होतं. महामार्ग लागला, वारा लागला, आणि काटा गुमान खाली येऊन मधोमध बसला. जळगाव गेलं, एरंडोल गेलं. संघपाल पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पुढे. मागच्या नावापुरत्या सीटवर त्याची मोठी बहीण सविताअक्का, गुडघे हनुवटीला टेकलेले, मांडीवर पेढ्यांचा खोका. अक्का म्हणाली, "मामा, ही गाडी कोनी बनवली? त्याले बहीण नसंन." मामा हसले. सगळं बरं चाललं होतं.

पारोळ्याच्या नाक्यावर शिट्टी वाजली.

कौतिकरावांनी आधी गुलाबाचं फूल दिलं, मग शपथ. संघपालने हात पुढे करून, फलकाकडे बघत म्हटलं की मी माझ्या सिलिंडर हेडशी एकनिष्ठ राहीन, व्हॉल्व्हना सुखदुःखात साथ देईन, आणि हलक्या प्रतीच्या ऑइलच्या मोहाला बळी पडणार नाही. लग्नात म्हणायचं ते अजून म्हणायचंच होतं. त्याआधीच तो एका इंजिनाशी बांधला गेला. फोटो निघाला. मामांना वाटलं, सुटलो.

कौतिकराव म्हणाले, आता तपासणी. पण तापलेलं इंजिन तपासायला नियमात बंदी होती; तपासणीआधी ते पस्तीस अंशांवर यायला हवं. मोजायला यंत्र होतं महामारीच्या काळातलं, कपाळावर धरायचं. पथकातल्या माणसाने सवयीने ते आधी संघपालच्या कपाळावर धरलं. सदतीस. कौतिकरावांच्या भुवया वर गेल्या. नवरदेवसुद्धा मर्यादेच्या वर निघाला होता. मग बॉनेट उघडून यंत्र हेडवर धरलं, तर त्याने आकडा दाखवायचं सोडून नुसतं पीं पीं केलं.

"सावलीत उभी करा," कौतिकराव म्हणाले. "उतरेल."

गाडी सावलीत गेली. पळताना निवणारं इंजिन उभं राहिल्यावर निवेना. वेळ जात होता. मामांनी समजावून पाहिलं की साहेब, बाहेरची हवाच चव्वेचाळीस आहे. लोखंड हवेपेक्षा थंड होईल कसं?

"हवा हवामान खात्याकडे येते," कौतिकराव शांतपणे म्हणाले. "आमच्याकडे फक्त इंजिन."

"मग पावसाळ्यापर्यंत थांबायचं का?"

"तशी मुभा आहे."

एवढ्यात रस्त्यावरून एक काळी-पिवळी जीप गेली. आत वीस माणसं, टपावर पाच, मागे शिडीला दोन, आणि बॉनेटच्या जागी दोरीने बांधलेला पत्रा. ड्रायव्हरने कौतिकरावांना हात केला, कौतिकरावांनी हसून उत्तर दिलं. मामांनी बोट दाखवलं तेव्हा ते म्हणाले की तिच्यात क्षमताच नाही, मग उच्च कुठून असणार? ती आमच्या कक्षेत येत नाही.

नाक्यावर बेबाबाई उसाचा रस विकायची. पथक आल्यापासून तिचं गुऱ्हाळ जोरात होतं. तिने संघपालला ग्लास दिला आणि म्हणाली, "बठ्ठा आठेच थांबतस, भाऊ. परवा एक गाडी सकायले उनी, रातले ढकलत नेनी पडनी." सकाळी आलेली गाडी रात्री ढकलत न्यावी लागली, हे ऐकवून मग तिनेच सुचवलं की बर्फ घ्या. कौतिकरावांनी पाहून सांगितलं की बर्फाला मनाई नाही. गोणपाटात बर्फ गुंडाळून सावकाश, हळूहळू, आजारी लेकराला ठेवावा तसा तो इंजिनावर ठेवण्यात आला. अक्काने बसल्या जागेवरून पेढ्यांच्या खोक्याचं झाकण दिलं, मामांनी त्याने वारा घातला. अखेर यंत्राने पीं पीं सोडून आकडा दाखवला. चौतीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काळी-पिवळीची वाट बघणाऱ्यांनीसुद्धा.

तपासणी झाली. इंजिन उत्तम निघालं. मामांनी किल्ली फिरवली आणि गाडी काढणार तोच कौतिकराव आडवे आले. थंड इंजिन पळवल्याने व्हॉल्व्ह खराब होतात, हे फलकाच्या दुसऱ्या ओळीत स्पष्ट होतं. गाडी जागेवर चालू ठेवून काटा नव्वदवर येऊ द्यायचा, मग निघायचं. नव्वदच्या वर गेला, तर मात्र प्रवासाला मनाई आणि इंजिन पुन्हा पस्तीसवर.

काटा चढला. सत्तर. ऐंशी. नव्वद. मामा ओरडले की झालं. कौतिकराव मान खाली घालून लिहीत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा काटा शंभरावर होता.

"साहेब, मघाशी नव्वद होतं. तेव्हा का सोडलं नाही?"

"तेव्हा मी नव्वद झाल्याची नोंद घेत होतो."

फोन वाजला. प्रज्ञा होती. संघपालने खरं तेच सांगितलं, की इंजिन पस्तीसवर आलं होतं, पण आता पुन्हा आणायचंय, आणि नियमाप्रमाणे थांबावं लागेल. पलीकडे सनईची रेकॉर्ड, पाहुण्यांचा गलका, आणि त्यात तिचा स्वच्छ आवाज.

"लग्न तुमचं आहे की इंजिनाचं?"

"प्रज्ञा, नियम आहे."

"मग त्या साहेबांशीच करा. दोघांचं छान जमेल. बाराला मी माळ टेबलावर ठेवीन आणि ड्युटीवर जाईन. दवाखान्याला माझ्या जागी बदली बाई मिळत नाहीये, त्यांची सोय होईल."

फोन बंद झाला. दुसऱ्या गाडीने जावं म्हणून तो निघाला, तर कौतिकरावांनी अडवलं. तपासणी पूर्ण होईपर्यंत प्रवासी हे इंजिनाचे साक्षीदार असतात, त्यांना जागा सोडता येत नाही. आणि संघपाल, आयुष्यभर इतरांना थांबवणारा संघपाल, खरंच थांबला. इतकं त्याच्या रक्तात भिनलं होतं ते.

आता घाई सगळ्यांनाच झाली होती. बर्फ गुंडाळायला वेळ नव्हता. कौतिकरावांनी माणुसकी दाखवायची ठरवली, आणि सरकारी माणूस माणुसकी दाखवायला उठला की आपण दोन पावलं मागे सरकावं. मामा नको नको म्हणेपर्यंत बेबाबाईची अख्खी बादली, बर्फाचं पाणी, लिंबाच्या सालीसकट, त्या धगधगत्या हेडवर ओतली गेली.

टण्ण, असा एकच आवाज आला. लहानसा. देवळातल्या घंटेसारखा.

मग वाफ. वाफ निवल्यावर मामांनी ऑइलची पट्टी ओढून बघितली, तर त्यावर ऑइलात पाणी मिसळून झालेला दुधाळ चहा. हेडला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चीर गेलेली. मामा खाली बसले. बोअरला पाणी न लागल्यावर शेतकरी बसतो, तसे. ते त्यांनी बऱ्याच वेळा पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं.

कौतिकरावांनी यंत्र लावलं. चेहरा उजळला. "पस्तीस," ते म्हणाले. "बघा. आणि आता तर पुढे रस्त्यात बिघाड होण्याची शक्यताच उरली नाही. अभिनंदन."

त्या क्षणी नाक्यावरून केळीचा ट्रक जात होता. एक दिवा फुटलेला, धूर काळाकुट्ट, माल टपाच्या वर हातभर. मागून अक्काचा आवाज आला. ती अजून त्या सीटमध्ये अडकलेलीच होती.

"आरे संघ्या, काय पाहून राह्यला? चढ ना. मले काढासाठी थांबू नको."

संघपालने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. धावला, मागची साखळी पकडली, आणि पांढऱ्या कपड्यांनिशी केळीच्या घडांवर जाऊन पडला. कौतिकराव ओरडले की साक्षीदार पळाला. पण ट्रकमध्ये क्षमता नव्हती, त्यामुळे तो अडवता येईना.

धुळ्याच्या हॉलवर ट्रक थांबला तेव्हा प्रज्ञा पांढऱ्या साडीत दारात उभी होती, माळ टेबलावर, पर्स खांद्याला. संघपाल उतरला. अंगावर केळीचा चीक, जो सात धुण्यांत निघत नाही, केसांत पाला, चेहरा जांभळा. तिने घड्याळ बघितलं, बारा वाजतच होते. मग त्याच्या कपाळाला हात लावला.

"तापलेत," ती म्हणाली. "पस्तीसवर या, मग आत या."

संघपाल तिथेच पायरीवर बसला, आज्ञाधारकपणे, निवायला. तेव्हा कुठे ती हसली, इतकी हसली की पर्स खाली पडली, आणि तिने त्याला हाताला धरून आत नेलं. लग्न लागलं. अक्का आणि मामा पोचले ते आइस्क्रीमच्या वेळेला.

गाडी अजून नाक्यावर आहे. तिच्याभोवती फुलांची कुंपणं लावली आहेत आणि 'येथे सेल्फी काढा' अशी पाटी आहे. तंबूत थांबलेल्या एकाही गाडीचं इंजिन पुढे रस्त्यात बिघडलं नाही, म्हणून पथकाचा सत्कार झाला. दोंडाईच्याच्या रस्त्यावरही एक तंबू येतोय.

सुट्टी संपवून संघपाल खिडकीत बसला. पहिलेच आले आधारबाबा. जन्मभर कापूस वेचून, दगड फोडून त्यांच्या बोटांवरच्या रेषा गेलेल्या. यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्राने पीं पीं केलं. पुन्हा ठेवला, पुन्हा पीं पीं. म्हातारा म्हणाला की बाबू, रेषा घासून गेल्या, मी तर समोर उभा आहे ना.

"नियम म्हणजे नियम, बाबा," संघपाल शांतपणे म्हणाला. "रेषा आल्या की या."

आधारबाबांनी हात जोडले आणि ते परत फिरले. संघपालला क्षणभर वाटलं, की हे आपण कुठेतरी ऐकलंय. मग चहा आला.

तर साहेब, पस्तीसचा आकडा तुम्ही कुठल्या थंड खोलीत बसून काढलात, ते सांगा. आणि तुम्ही, जे इथपर्यंत कौतिकरावांना हसत आलात, त्या लाल गाडीपाशी फोटो काढून आलात आणि आता आपापल्या खुर्चीत जाऊन बसणार आहात : तुमच्या खिडकीबाहेर या घटकेला कोण उभं आहे, आणि त्याला तुम्ही कितीवर आणायला सांगितलंय? उत्तर द्या. तो उन्हात उभा आहे.