न्हाणीघराच्या दाराच्या तीन प्रती

आमच्या न्हाणीघराचे दार सध्या विद्यापीठात असते. तब्येत बरी आहे असे कळते.

दार साधे, फळ्यांचे. त्याच्या आतल्या बाजूला मी नऊ वर्षे रोज सकाळी पेन्सिलीने एक खूण करत आले. नळाला पाणी आले की उभी रेघ, नाही आले की फुली, गढूळ आले की गोल. वहीत लिहिले असते तर ती कुणीतरी रद्दीत घातली असती. दार रद्दीवाला घेत नाही.

पाणी खात्यात तक्रारीला गेले की तिथला साहेब म्हणायचा, "आजी, तोंडी चालत नाही. शास्त्रीय पुरावा आणा."

मी चौथीत शाळा सोडली, हट्ट नाही सोडला. सुनेला म्हटले, "तू शिकलेली आहेस. या फुल्यांवर प्रबंध लिही. तुला डॉक्टरकी मिळेल, मला पाणी मिळेल." तिने चार वर्षे खपून लिहिला. निष्कर्ष असा निघाला की पाणी येत नाही. परीक्षकांनी तो मौलिक ठरवला.

पदवी मात्र विद्यापीठाच्या विदा कक्षात अडकली. विदा म्हणजे डेटा. तो नीट जपून ठेवल्याशिवाय पदवी द्यायची नाही, असा नियम. आम्ही दोघी गेलो तेव्हा कक्षाचे अधिकारी चष्मा कपाळावर ठेवून टेबलभर चष्मा शोधत होते. सुनेने तो खाली ओढून दिला, तेव्हा काम सुरू झाले.

"मूळ विदा कुठे आहे?"

"आईंच्या न्हाणीघराच्या दारावर. मी फोटो आणलेत," सून म्हणाली.

"फोटो म्हणजे नक्कल. मूळ जमा करा."

मी विचारले, "साहेब, दार काढल्यावर आंघोळ कशी करायची?"

त्यांनी अर्ज पुढून मागून पाहिला. "आंघोळीचा रकाना नाही यात."

दार हातगाडीवरून गेले. अधिकाऱ्यांनी दोन दिवस पट्टी लावून खुणा मोजल्या आणि मला बोलावून घेतले.

"इथे अकरा दिवस कोरे आहेत. पाणी आलं होतं की नव्हतं?"

"मला काय ठाऊक? लेकीच्या बाळंतपणाला गेले होते."

"मग तसं प्रतिज्ञापत्र द्या. बाळाच्या जन्मदाखल्यासकट."

दिले. नात सहा वर्षांची असताना ती विदेला जोडली गेली. मग त्यांना वाळवीची काळजी लागली. एका दाराचा काय भरवसा? नियमाप्रमाणे प्रती तीन हव्यात, आणि त्याही तीन वेगळ्या जागी. सुताराने आणखी दोन दारे केली. तीन हजारांवर खुणा मी पाटावर बसून पुन्हा केल्या, दोनदा. अधिकारी शेजारी खुर्ची टाकून मूळ दाराशी ताडून पाहत होते.

"आजी, ही फुली मूळ फुलीपेक्षा रागाने मारलेली वाटते."

"राग तेव्हाही होताच, साहेब. तेव्हा तुमची ओळख नव्हती, एवढंच."

एक दार विद्यापीठात राहिले, दुसरे ग्रंथालयाच्या तळघरात गेले. तिसरे लांब कुठेतरी हवे होते. मी संधी साधली. "आमच्याकडे ठेवा. लांब आहे, बिजागऱ्या तयार आहेत." अधिकारी खूश झाले. दार घरी आले, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी दाराच्या मागोमाग कागद आला. आमचे न्हाणीघर आता 'विदा संचय केंद्र क्रमांक तीन' झाले होते. विदेला दमट हवा बाधते, सबब केंद्रात पाणी नेण्यास मनाई. शिपायाने कुलूप लावले आणि किल्ली घेऊन गेला.

आम्ही सहा माणसे टॉवेल खांद्यावर टाकून शेजारी आंघोळीला जाऊ लागलो. शेजारीण दारातच उभी असायची. "काय काकू, संशोधन जोरात दिसतंय."

सुनेला पदवी मिळाली. त्याच दुपारी प्रबंध घेऊन आम्ही दोघी पाणी खात्यात गेलो. साहेबाने तो हातावर तोलून पाहिला.

"वजनदार आहे. पण मूळ विदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कसं मानू?"

आम्ही विदा कक्षात अर्ज केला. आठ महिन्यांनी उत्तर आले: विदा सर्वांसाठी खुली आहे, तथापि पाहण्यासाठी उजेड लागतो, उजेडाने पेन्सिल पुसट होते, सबब पाहता येणार नाही.

मी कक्षात जाऊन बसले. "अहो, एक प्रत माझ्या घरात आहे. तेवढं कुलूप काढा."

"आजी, ती तुमच्या घरात आहे, तुमची नाही." बोलता बोलता त्यांनी सुनेने दिलेला दाराचा जुना फोटो उचलला आणि चष्मा, या खेपेला आपणहून, डोळ्यांवर ओढला. "दाराच्या बाजूला हे काय आहे?"

"नळ."

"विदेच्या इतक्या जवळ?"

त्यांनी तिथल्या तिथे पाणी खात्याला पत्र लिहिले. ज्या खात्याने नऊ वर्षांत माझ्या घरी माणूस पाठवला नव्हता, त्याने संध्याकाळच्या आत दोन पाठवले. त्यांनी रस्ता खणला, आमची जोडणी कापली, पाइपाच्या तोंडाला बूच मारले आणि माझी सही घेतली: तक्रार उरली नाही.

सून कट्ट्यावर बसून होती. म्हणाली, "आई, निदान माझा निष्कर्ष तरी आता शंभर टक्के बरोबर आला."

मी पेन्सिलीला टोक काढले आणि शेजारणीच्या न्हाणीघरात जाऊन दाराच्या आतल्या बाजूला पहिली फुली मारली. तिने पाहिले आणि टॉवेलसकट मला बाहेर काढले. बाई हुशार आहे.

तुम्ही हे वाचून काय करणार, तेही मला ठाऊक आहे. अगदी खरं आहे हो, म्हणाल. चार जणांना पाठवाल. मग कुठेतरी नीट जपून ठेवाल.