बन्सीमामांच्या खुर्चीखालच्या चपला

अंबाजोगाईत आमच्या घरामागच्या कॉलेजात फिटनेस सेंटर आहे. त्यात शिरणं सोपं, बाहेर पडणं अवघड. कारण दारात बन्सीमामा बसायचे.

बाहेरच्या चपला आत चालत नाहीत. त्या मामांकडे द्यायच्या, मामा त्या आपल्या खुर्चीखाली ठेवायचे. निघताना तुम्ही "जाते मामा" म्हणालात की संपलंच. मामा जागचे हलायचे नाहीत. "जाते न्हाई. येते म्हणा." तसं म्हटलं तरच चपला मिळायच्या.

मी मूळची केजची, इथं शाळेत गणित शिकवते. डॉक्टरांनी शुगरपायी चालायला लावलं, म्हणून बाहेरच्यांसाठीचा पास काढून तिथं गेले. वहीत नाव लिहायच्या आधीच मामांनी पाण्याचा पेला पुढं केला आणि हातावर गुळाचा खडा ठेवला.

"मामा, मला शुगर आहे."

"मग लहान खडा घ्या."

मग माहेर कुठलं, सासर कुठलं, पोरं किती, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत. मागं सहा जण ताटकळत उभे. मी व्यायामाला आले होते की बघण्याच्या कार्यक्रमाला, तेच मला कळेना. असा वैताग आला म्हणून सांगू!

मामांनी स्वतः मात्र चालायच्या यंत्रावर कधी पाय ठेवला नाही. "घंटाभर चालायचं अन् हाय तितंच! पोचायचंच न्हाई तर निघायचं कावून?" मी गणिताची बाई, मनात हिशेब मांडला: वेळ एक तास, अंतर शून्य.

मध्ये तपासणीला समिती आली. प्राचार्यांनी मामांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, गूळ नको, चौकशा नकोत. मामांनी मान डोलावली आणि गूळ दिलाच. समितीचे मोठे साहेब सगळं बघून घाईत म्हणाले, "चला, जातो आम्ही."

साहेबांचे बूट खुर्चीखाली. साहेब मोज्यांवर उभे. प्राचार्यांना दरदरून घाम फुटलेला.

"येतो म्हणा साहेब. जातो म्हणून कुणी घरातून निघतं का?"

साहेब आधी लालबुंद झाले, मग काय वाटलं कोण जाणे, हसायलाच लागले. "बरं बाबा, येतो!" अभिप्रायाच्या वहीत त्यांनी यंत्रांबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही. 'गूळ चांगला होता' एवढंच लिहिलं.

गेल्या महिन्यात मामा रिटायर झाले. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात माणूस एकदम गप्पच झाला. कुणाच्या सासूची चौकशी नाही, काही नाही. मला करमेना.

"मामा, कावून गप्प?"

"घरी कोन हाय ताई? मालकीन जाऊन लई वर्सं झाली. लेकी आपापल्या घरी सुखात हायत. सकाळी निगताना मी कुलपालाच सांगतो, येतो म्हणून. हितं दिवसभर माणसं मला येतो म्हणतेत. अन् खरंच येतेत की दुसऱ्या दिवशी! आता कोन म्हणंल?"

अन् मी या माणसावर चपलांपायी चिडत होते!

शेवटच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मामांनी चावी दिली, खुर्ची फडक्यानं पुसली आणि कुणाकडं न बघता म्हणाले, "बरंय मंडळी. जातो."

त्यांच्या चपला त्याच खुर्चीखाली होत्या. मी झटकन वाकले आणि उचलून पाठीमागं धरल्या.

"काय म्हणालात मामा?"

"द्या की ताई. आता मी कशाला येतोय? नोकरी सपली."

"बाहेरच्यांना पास मिळतो. येतो म्हणा."

मामा अनवाणी उभे राहिले. डोळे पुसायला त्यांना नवी शालच सापडली.

"येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला रांगेत पहिले मामा. मी घरून गूळ नेला होता आणि दारात त्यांच्या खुर्चीजवळ उभी होते. "गाव कुठलं पावणं?" मी विचारलं. त्यांनी गाव, भावकी, दोन्ही लेकींची सासरं, सगळं सविस्तर सांगितलं. मागं सहा जण ताटकळले, पण कुणी कुरकुरलं नाही. मग मामा आत जाऊन दबकत दबकत त्या यंत्रावर चढले आणि दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून चालायला लागले.

"काय मामा, यावर पोचायचं न्हाई ना?"

"आता कुठं पोचायचं ताई? हितंच तर यायचं होतं."