मेश्रामकाकांची खुर्ची

गेलेली वीज परत आली की आमच्या मनीषनगरात सगळे ‘आली!’ म्हणून ओरडतात. मेश्रामकाका तेवढे ‘पाठवली’ म्हणतात.

मूळचे पारशिवनीकडचे. पण सारी नोकरी समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये. निवृत्त होऊन आमच्या शेजारी राहायला आले. काकू गेल्यापासून एकटेच असतात.

एकदा मी त्यांची खोडी काढली. “काका, आपली वीज कोळशाची. तुमचा समुद्र कुठे नि नागपूर कुठे!”

“काहून? ग्रिडमंदी पडली का कोणाची कोणती, सांगून दाखव! साऱ्या देशाची वीज एकाच हौदात पडते गा. ढग आले का सोलरवाले गप, वारा पडला का पवनचक्कीवाले गप. आमची भट्टी रातंदिस एकसारखी चालून राहते. आन तिच्यासमोर एक माणूस बसूनच राहते.”

त्या बसण्याचा नियम असा, की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन सगळं समजून घेत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही. काकांनी तो नियम सामानाबरोबर नागपुरात आणला. एका साखरपुड्यात कोणीतरी त्यांना ‘जरा चपलांकडे पाहा’ म्हणालं आणि जेवून घरी निघून गेलं. मांडववाले कनाती सोडायला लागले, तरी काका चपलांपाशी बसलेले. चपला एव्हाना सगळ्या गेल्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या सोडून.

यंदा माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. सकाळी मी आणि बायको दोघंही नोकरीवर. काका न बोलावता आले आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसले. दुपारी दोनला मी शाळेतून आलो की रीतसर ताबा मिळायचा. “पाणी चार कप. गोळी घेतली. एक डाव हासले.” मी ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, मगच ते उठायचे. मला हसू यायचं, कधी कधी वैतागही यायचा.

परवा शाळेत बैठक लांबली. मोबाइल कपाटात राहिला. घरी पोचायला साडेचार झाले. काका खुर्चीतच होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायाशी संत्रा बर्फीचा डबा आणि एक बाहुली.

“कुठे निघालात?”

“निघालो नाई. आमची सुमन हैदराबादले जाऊन राहिली. तीनले गाडी इथं दहा मिनिटं थांबते. नातीले पाहाचं होतं. आतापावतर फोनवरच पाह्यली नं.”

“अहो, मग जायचं ना! शेजारी कोणाला तरी हाक मारायची!”

“त्यायले काय समजते? मघाशी तुह्या बाबाले पाण्याचा ठसका लागला होता.”

मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर चालूच असतो. “बाबा, ड्यूटीवर होते नं?” मुलीच्या आवाजात राग नव्हता. लहानपणापासून सवय झालेली असणार. मला तेच जास्त लागलं.

“हो बेटा,” काका म्हणाले. माझं नाव काही त्यांनी घेतलं नाही.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “परत कधी येणार ती?”

“सोमवारी. दुपारच्याच गाडीनं.”

“सोमवारी ही रजा घेईल, बाबांजवळ बसेल. मी तुम्हाला स्टेशनवर नेतो. गाडीच्या दोन तास आधी.”

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा पुसला.

“मंग सुनबाईले आजपासूनच माह्यासंग बसव,” ते म्हणाले. “ट्रेनिंगबिगर खुर्ची देत नसतात गा.”